भोंगा वाजेपर्यंत

दारव्ह्याला मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे, आणि गावातल्या कुठल्याही कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात पडायचं. आवाज खणखणीत होता. शिवाय एखादे पुढारी भाषण आवरेनात तर त्यांच्या हातात सरळ चिठ्ठी नेऊन द्यायची हिंमत गावात माझ्याशिवाय कुणाला नव्हती. वडील तहसीलमध्ये कारकून, आजोबाही तहसीलमध्ये कारकून. वेळेत सुरू करावं आणि वेळेत संपवावं, हे आमच्या घरी सोवळ्याओवळ्याइतकं कडक पाळलं जायचं. माझ्या तापट स्वभावाचं खापर मी अजूनही त्यावरच फोडते.

म्हणून हुतात्मा दिनाचा कार्यक्रम माझा लाडका. बसस्टँडच्या मागे एक स्मारक आहे. काळ्या दगडाचा स्तंभ, भोवती साखळी, आणि स्तंभावर तालुक्यातले जे जवान फौजेत कामी आले त्यांची नावं. कार्यक्रम सगळा एका निवृत्त सुभेदारांच्या हातात असे. उंच, वाळलेले, मिशीला पीळ. बोलणं अस्सल आपल्याकडचं, पण चालणं अजून पलटणीतलं. ते म्हणायचे, "बाई, भाषन कोनतंही कापा, पन माह्यी दोन मिनिटं कापू नका." ती दोन मिनिटं म्हणजे अकरा वाजताची स्तब्धता.

आणि ती स्तब्धता चालायची जिनिंगच्या भोंग्यावर. गावाच्या टोकाला कापसाची जिनिंग होती, तिचा भोंगा पार वेशीपलीकडे ऐकू जायचा. अकराला एकदा वाजला की गाव जिथल्या तिथे थांबायचं, दुसऱ्यांदा वाजला की हलायचं. एसटीचा ड्रायव्हर फाटकातच बस उभी करायचा. भजीवाला झारा हातात धरून उभा राहायचा आणि त्या घाण्याची भजी दरवर्षी जळायची. लहानपणापासून अंगात मुरलेली ही सवय होती. घड्याळाकडे कुणी बघायचं नाही, कान भोंग्याकडे.

मी सांगते आहे ते वर्ष नव्या शतकाच्या सुरुवातीचं. कापसाचे दिवस फिरले होते. ज्या जानेवारीत बैलगाड्यांच्या रांगा पार रस्त्यापर्यंत यायच्या, त्या जानेवारीत जिनिंगच्या फाटकाला कुलूप होतं. लोक चहाच्या टपरीवर बसून बोंडअळीबद्दल बोलायचे, मग बोलणं थांबायचं आणि सगळे रस्त्याकडे बघत बसायचे. सुभेदारांना मात्र काळजी भोंग्याची. त्यांनी जिनिंगच्या चौकीदाराला गाठून कबूल करून घेतलं की त्या दिवशी एवढं दोनदा बटन दाबायचं. चौकीदार हो म्हणाला. सुभेदार निश्चिंत झाले.

त्या वर्षी स्तंभावर एक नवं नाव आलं होतं. नेरच्या रस्त्याला आतमध्ये बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथला पोरगा. पावसाळ्यात बर्फाच्या मुलखात कामी आला. त्याला आणलं त्या दिवशी अख्खं दारव्हा रस्त्यावर होतं. फुलांनी झाकलेला ट्रक, घोषणा, शाळेच्या पोरी दुतर्फा उभ्या. त्यांना उभं करणारी मीच. ट्रक गावातून फिरून तांड्यावर गेला तेव्हा माझा घसा बसला होता, तो आठवडाभर सुटला नाही.

त्याच्या आईला आमंत्रण द्यायला सुभेदारांनी मला पाठवलं. म्हणाले, "बाईमानसाजवळ बाईमानूसच पाह्यजे. आन् जाताच आहा तर समजावून सांगा, कार्यक्रमात रडाचं नाही. यवतमाळचे मोठे साहेब येऊन राह्यले. वीरमाता खंबीर दिसली पाह्यजे."

मी जीपने निघाले. जीपमध्ये बारा जणांच्या जागेत किती माणसं बसतात हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. फाट्यावर उतरून तांड्यापर्यंत चालत गेले. वाटेतल्या पऱ्हाटीत कापूस कमी आणि वाळका पाला जास्त दिसत होता.

ती अंगणात तुरी पाखडत बसली होती. आरसे लावलेला जुना घागरा, डोक्यावर ओढणी, वय माझ्याहून थोडं जास्त. मला बघून ती सूप बाजूला ठेवून उठली आणि दोन पावलं पुढे आली. मी हात जोडून नमस्कार केला. ती थांबली. थोडा वेळ तशीच माझ्याकडे बघत राहिली, मग तिने खाट टाकली आणि म्हणाली, "बसा जी."

तिथे सगळे तिला याडी म्हणत होते. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई, त्यामुळे मीही याडीच म्हटलं. चहा झाला. मी पत्रिका वाचून दाखवली. दीपप्रज्वलन, पुष्पचक्र, स्तब्धता, पाहुण्यांचं मनोगत, वीरमातेचा सत्कार, आभार. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं, आणि शाळेतली हुशार मुलगी शंका विचारते तसं विचारलं, "याच्यात रडाचं कवा?"

मी म्हटलं, "रडायचं असं नाही... दोन मिनिटं शांत उभं राहायचं."

"मंग त्याच्यानंतर?"

"त्यानंतर भाषणं."

"आन् त्याच्यानंतर?"

"शाल आणि नारळ."

"मंग रडाचं कवा, बाई?"

मी पत्रिका पुन्हा वरपासून खालपर्यंत चाळली. चाळीस पोरींच्या वर्गात मला कधी उत्तराची अडचण आली नव्हती. मग तिनेच सांगितलं, अजिबात आवाज न चढवता. त्यांच्यात माणूस गेलं की जी बाई पहिल्यांदा दारात येते ती गळ्यात पडते, आणि दोघी मिळून सुरात रडतात. गेलेल्याचं एकेक आठवून, त्याला हाका मारून. एकटीनं रडलेलं धरत नाहीत. दुसरीच्या गळ्यात हात पाहिजे. तांड्यातल्या सगळ्या जणी तिच्यासोबत रडल्या, माहेरच्या रडल्या, दुरून बैलगाडीनं आलेल्याही रडल्या.

"पन तुमचं गाव आलं ना त्या दिवशी, लय मोठं गाव आलं," ती म्हणाली. "ट्रकवर लिवलं होतं, दारव्ह्याचा लेक. माह्यावाला लेक, तुम्ही आपला म्हनला. मले चांगलं वाटलं. पन मंग आपला म्हनला तर रडाले पाह्यजे का नाही? तुमच्यातली एक बाई माह्या गळ्यात पडली नाही. सगळ्या म्हने, रडू नका, रडू नका. मले वाटलं, हे लोकं त्याले घेऊन तर गेले, पन त्याच्यासाठी रडून नाही राह्यले."

मी आल्याबरोबर ती सूप ठेवून पुढे का आली होती, ते मला तेव्हा कळलं. तरीही माझे हात मांडीवरच राहिले. आमच्या घरी कुणाच्या गळ्यात पडायची रीतच नाही. माझी आई गेली तेव्हा आम्ही बहिणी पदराचा बोळा तोंडात धरून स्वयंपाकघरात रडलो होतो, आणि लगेच डोळे पुसून लोकांना चहा केला होता.

मी निघताना ती म्हणाली, "येतो मी. पन दारव्ह्यानं एकडाव त्याच्यासाठी रडावं, एवढंच मले पाह्यजे. तेवढ्यासाठीच येतो. ते होत नसन तर तुमची शाल माह्या कोन्या कामाची?"

मी म्हटलं, "बघते." मास्तरीण 'बघते' म्हणते तेव्हा ते होणार नसतं, हे माझ्या मुलींना ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं. ती फाट्यापर्यंत मला पोचवायला आली.

सुभेदारांपुढे मी विषय काढला, चांगला भांडणाच्या तयारीने. ते स्मारकाच्या साखळीला चुना लावत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कागद वाचनारी मानसं, तुमाले सांगतो. मी सोबतचे लोकं गेलेले पाह्यले. रडतो म्हनलं असतं तर आजपर्यंत रडतच बसलो असतो. म्हनून दोन मिनिटं. तेवढ्यात सगळं बसवाचं आन् पुढं चालाचं. गर्दीत एक बाई सुरू झाली का सगळ्या सुरू होतात, मंग त्याले कार्यक्रम म्हनत नाही." मग म्हणाले, "तुम्ही तिच्याजवळच उभ्या राहा. सांभाळून घ्या."

मी चिडले. पण त्यांचा चुन्याने माखलेला हात साखळीवर नुसताच फिरत होता, म्हणून भांडण तिथेच सोडलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान भरलं. पहिल्या रांगेत साहेब, पुढारी, मुख्याध्यापक. एका बाजूला तांड्यावरून जीप भरून आलेल्या बाया, आपापल्या रंगीत ओढण्यांत, गप्प. याडी माझ्या शेजारच्या खुर्चीत. तिने मला एकदाच विचारलं, "ठरलं?" मी म्हटलं, "अजून नाही." तिने मान हलवली आणि समोर बघत बसली. तिच्यापेक्षा मीच जास्त अस्वस्थ होते. माईकवर जाऊन मी माझ्या खणखणीत आवाजात सगळी वाक्यं बोलले, आणि पहिल्यांदाच मला माझा आवाज सहन होईना. 'दारव्ह्याचा सुपुत्र' म्हणताना तर जीभ अडली.

अकरा वाजले. भोंगा वाजला. चौकीदार शब्दाला जागला. सगळं मैदान उठून उभं राहिलं, सुभेदार स्तंभासमोर सावधान. बसस्टँडचा गलका बंद झाला. फक्त झेंड्याची दोरी खांबावर टकटक करत होती.

आपल्याला दोन मिनिटं किती असतात याचा साधारण अंदाज असतो. तो अंदाज संपला. भोंगा वाजला नाही. कुणी हललं नाही. आणखी थोडा वेळ गेला. साहेबांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मनगटाकडे पाहिलं, पण गाव हलत नाही म्हटल्यावर ते तरी कसे हलणार? मी माईककडे पाहिलं; त्याच्या पेटीवरचा लाल दिवा विझला होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, म्हणजे गावातला गेला होता म्हणून. लोडशेडिंग! त्या वर्षांत लाइट कधी येईल आणि कधी जाईल ते देवालाही माहीत नसायचं, आणि नेमकी दोन भोंग्यांच्या मधोमध गेली होती. तिकडे जिनिंगमध्ये चौकीदार बटन दाबत उभा, आणि इकडे अख्खं दारव्हा त्याची वाट बघत उभं. दुसरं कुठलंही गाव 'झालं, झालं' म्हणत खाली बसलं असतं. आमचं गाव भोंग्याशिवाय बसणार नव्हतं. बाहेर भज्यांचा जळका वास सुटला.

अशा वेळी माईकवालीने मोठ्याने 'धन्यवाद, बसून घ्यावे' म्हणायचं असतं. माझ्या ओठांवर ते आलं होतं. तेवढ्यात शेजारून याडीचा आवाज आला, अगदी हळू.

"बाई, अजून कोनी बोलून नाही राह्यलं. आता का?"

मी सुभेदारांच्या पाठीकडे पाहिलं. ताठ. मी वळले आणि तिच्या गळ्यात हात टाकले.

मला काही येत नव्हतं. तिची उंची माझ्याहून कमी, माझा चष्मा तिच्या ओढणीच्या आरशांत अडकला, आणि आता पुढे काय करायचं हे मला कळेना. तिने आपलं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं, एक लांब श्वास घेतला आणि सूर लावला.

मी गाण्यातली नाही, पण तो सूर मला अजून ऐकू येतो. वर चढायचा, मोडायचा, पुन्हा तिथूनच उचलला जायचा. 'मार बेटा' तेवढं मला कळत होतं, म्हणजे माझ्या बाळा. बाकीचं तिने मला नंतर सांगितलं. ती त्याला विचारत होती, तुला थंडी सहन होत नव्हती रे, अंघोळीला पाणी कोमट झालं तर रागवायचास, मग एवढ्या बर्फात कसा राहिलास? तुझ्या आवडीचं लसणाचं तिखट मी उखळात कुटून ठेवलं आहे, ते कुणाला देऊ? तुझ्यामागे हे एवढं मोठं गाव उभं आहे, बघ तरी.

त्या शांततेत तिचा आवाज पार बसस्टँडपर्यंत जात होता. तांड्यातल्या बायांनी ओढण्या तोंडावर घेतल्या आणि तिच्या सुरात सूर मिसळला. मग माझ्या शाळेतल्या शिपाईबाई रांग सोडून आल्या आणि आम्हा दोघींना मिठी मारून भोकाड पसरून रडू लागल्या, सूरबीर काही नाही. त्यांच्यामागून कुणाकुणाच्या आया आल्या. आणि मी? खरं सांगते, आधी मी त्या पोरासाठी रडले, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं. मग माझ्या आईसाठी रडले. तोंडात पदर न धरता, मोठ्याने, सगळ्या गावासमोर. मुलींच्या शाळेची कडक मास्तरीण, नाक गळतं आहे, चष्मा वाकडा, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

किती वेळ गेला ते मी सांगू शकणार नाही. लाइट आली आणि भोंगा वाजला. बिचाऱ्या चौकीदाराने बोट बटनावरून काढलंच नसावं, कारण तो वाजतच राहिला. मग थांबला. सुभेदार सावधानमधून विश्राममध्ये आले आणि वळले. आता हे मला सगळ्यांदेखत झापणार, असं वाटून मी डोळे पुसले आणि मीही उत्तराला तयार झाले.

ते माझ्याकडे आलेच नाहीत. माईकपाशी गेले, त्याच्यावर दोनदा टकटक केलं. त्यांचे गाल ओले होते. भोंगा वाजेपर्यंत हात उचलायचा नाही, म्हणून त्यांनी ते पुसलेच नव्हते.

"आजची भाषनं रद्द," ते म्हणाले. पुढाऱ्यांच्या रांगेत चुळबुळ झाली. "दारव्ह्याच्या ज्या ज्या बाया या माउलीले आजपावतर भेटल्या नाहीत, त्याईनं रांगेत यावं. धक्काबुक्की कराची नाही."

आणि खरोखर रांग लागली. आमच्या बायका रडायलाही रांगेतच उभ्या राहिल्या, पर्स सांभाळत, एकमेकींना पुढे व्हा म्हणत. डॉक्टरीणबाई आल्या. ज्यांच्या घरी मोठ्याने हसणंही वाईट समजतात अशा वकिलांच्या घरच्या सुना आल्या. कुणाला गळ्यात पडणं जमत नव्हतं. कुणी नुसते खांदे धरत, कुणी हळदीकुंकवाला आल्यासारखं वाकून नमस्कार करायला बघत. याडी प्रत्येकीचे हात धरून आपल्या गळ्याभोवती नीट घालून द्यायची आणि पुन्हा नव्याने सुरू करायची. शेवटी शेवटी तर तिचं रडून झालं होतं, आणि तीच त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. बाजूला सुभेदार रांग सरळ करत उभे. शेवटची बाई गेल्यावर त्यांनी टोपी काढली, याडीच्या पायांशी खाली जमिनीवर बसले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड झाकून घेतलं. याडीच्या तांड्यात दुःखात पुरुष असंच बसतात म्हणे. हे सुभेदारांनी कधी विचारून ठेवलं होतं, मला ठाऊक नाही.

शाल द्यायची राहूनच गेली. ती मी दुपारी जीपपर्यंत नेऊन दिली. याडी खिडकीशी बसली होती, चेहरा सुजलेला. तिने शाल घेतली, मांडीवर ठेवली, आणि माझा चष्मा सरळ करून दिला.

"थकल्या असाल," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "पावसाळ्यापासून रोज संध्याकाळी दोन मानसाच्या, माह्या आन् त्याच्या, भाकरी थापत होतो मी, बाई. हात थांबतच नव्हता." तिने शालीवरून हात फिरवला. "आज एकच थापतो."

जीप भरली होती, तरी आणखी एक माणूस मागे लटकलं आणि ती नेरच्या रस्त्याला लागली. मी स्मारकापाशी परत गेले. सुभेदार एकटेच खुर्च्या उचलत होते, मी दुसऱ्या बाजूने उचलायला लागले.